कललेला एकशे सदतीस

१

मालकांच्या टेबलावर पांढऱ्या कागदावर स्टीलच्या दोन पट्ट्या ठेवल्या होत्या. वीतभर लांब, बोटाएवढ्या रुंद, आठ भोकांच्या. नडगीचं हाड मोडलं की डॉक्टर अशी पट्टी हाडावर बसवून स्क्रूनं आवळतात. एक पट्टी अखंड होती, दुसरीचे दोन तुकडे झाले होते. दोन्हींवर लेझरनं उमटवलेला काळा मजकूर मात्र एकच: लॉट एकोणीस, नंबर एकशे सदतीस.

"एका नंबरची जगात एकच पट्टी असते," मालक म्हणाले. "निदान असायला हवी. ही तुटलेली एका शिक्षिकेच्या पायातून काढलीय. पाच महिने झाले होते बसवून. फळ्यापाशी उभ्या होत्या आणि आतल्या आत तुटली. आणि ही अखंड आमच्या नमुन्यांच्या कपाटातली. एका वेळी बनवलेल्या दोनशे पट्ट्यांचा एक लॉट. दर लॉटमधली एक पट्टी लॅब काढून ठेवते, ती विकत नाही. एकोणिसाव्या लॉटमधली एकशे सदतीसच ठेवली होती. मग बाईंच्या पायात काय गेलं?"

समोर बसलेल्या बाई लेझर मार्किंग मशीनच्या मेकॅनिक होत्या. पंचवीस कारखान्यांतली मशीन त्यांच्याकडे होती आणि सगळीकडे त्यांना लेझरबाईच म्हणत. त्या दोन महिने दुसऱ्या शहरात नव्या मशीनच्या उभारणीवर होत्या, कालच परतल्या होत्या. अंगावर अजून प्रवासाचा शीण होता आणि बसायला दिलेल्या खुर्चीचा एक पाय आखूड होता.

त्यांनी पर्समधून भिंग काढलं. तुटलेल्या पट्टीवरचे आकडे किंचित उजवीकडे कलले होते, बस सुटायच्या घाईत असल्यासारखे. अखंड पट्टीवरचे आकडे कवायतीला उभे असल्यासारखे ताठ.

"बघितलंत? वेगळे आहेत!" मालक पुढे झुकले. "मार्किंगवालीनं भंगारातल्या पट्टीवर घाईघाईत नंबर मारला आणि ती बाहेर गेली. आम्ही तिला कामावरून थांबवलंय."

"लेझरला घाई नसते, साहेब. तुम्ही बटण हळू दाबा नाहीतर आपटा, आकडा तसाच उमटतो."

"ते मला कळत नाही. उद्या सकाळी सरकारी तपासनीस येणारेत. तुम्ही एवढंच लिहून द्या, मशीन ठीक आहे, चूक माणसाची आहे."

"आधी मशीन बघते."

"बघा. पण त्यात बघण्यासारखं काही उरलेलं नाही."

२

खरंच उरलं नव्हतं.

मशीनला जोडलेल्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक मार्किंगची नोंद राहते. कुठला नंबर, किती वाजता, कोणाच्या नावानं. लेझरबाईंनी कॉम्प्युटर चालू केला आणि त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. जुन्या नोंदी शून्य. अठरा तारखेला सगळा पुसून नव्यानं भरला होता.

"हे कोणी केलं?"

"व्हायरस आला होता म्हणे," स्टोअरकीपर दारातून म्हणाले. बुटके, जाड चष्म्याचे, खिशात चार पेनं. "कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला आणि पुसून गेला."

"आणि हा कॅमेरा?"

"तो नुसता डबा आहे, मॅडम. आत काही नाही. माणसं नीट वागावीत म्हणून लावलाय."

"मशीनचा पासवर्ड कोणाकोणाला माहितीय?"

स्टोअरकीपरांनी कीबोर्ड उचलून उलटा केला. खाली चिकटवलेल्या कागदावर निळ्या शाईत पासवर्ड लिहिला होता. लेझरबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"नमुन्यांच्या कपाटाला तरी कुलूप आहे का?"

"आहे ना. दोनच किल्ल्या. एक मालकांकडे, एक लॅबच्या सरांकडे."

"मी नसताना मशीनला कोणी हात लावला होता?"

"तुमचाच माणूस आला होता एकदा. साप्ताहिक सुट्टी होती, मालक आणि मी दोघेच होतो. चहा पिऊन गेला. आत काय केलं देव जाणे."

लेझरबाईंनी ऑफिसला फोन लावला. सर्व्हिसच्या नोंदी सांभाळणारी मुलगी म्हणाली, "थांबा हं ताई," आणि मग सात मिनिटं बासरी वाजत राहिली. शेवटी फोन कटला. पुन्हा लावला. पुन्हा बासरी.

स्टोअरकीपर अजून दारातच घुटमळत होते. काहीतरी ओठांवर आल्यासारखं वाटत होतं.

"काही सांगायचंय का तुम्हाला?"

"छे छे. मला काय सांगायचं असणार?" ते म्हणाले आणि इतक्या लगबगीनं निघाले, की खिशातलं एक पेन खाली पडलं ते उचलायलाही वळले नाहीत.

३

लॅबचे सर एकोणीस वर्षं या कारखान्यात होते. लेझरबाईंनी आयुष्यातली पहिली नोकरी त्यांच्याच हाताखाली केली होती. भिंग डोळ्याला चिकटवून धरायचं आणि वस्तू जवळ आणायची, भिंग पुढेमागे नाचवायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं.

"ये पोरी, बस," ते म्हणाले. "केवढी वाळलीस. जेवतेस की नाही वेळेवर?"

त्यांनी चाचणीची फाईल काढून दिली. एकोणिसाव्या लॉटच्या पट्ट्यांचा कडकपणा दहा वेळा मोजलेला, दहाही आकडे उत्तम, खाली सरांची सही. नमुना म्हणून ठेवलेली पट्टी: नंबर एकशे सदतीस. लेझरबाईंच्या लक्षात आलं, फाईलची पानं सुटी होती, दोन भोकांत नुसती ओवलेली.

"कालच मालकांसमोर कपाटातला नमुना पुन्हा तपासला," सर म्हणाले. "अस्सल कडक. आणि तुटलेली? मेणासारखी नरम. वाकून वाकून तुटली. आमच्या लॉटमधली नाहीच ती. भंगारातली आहे."

"पण तिच्यावर नंबर आपल्याच मशीनचा वाटतो."

"वाटतो ना? मग तूच समज." ते खाली बघून फाईलीची दोरी बांधू लागले. "मार्किंगवालीचं मला वाईट वाटतं. घरची अडचण आहे तिची, बहिणीचं ऑपरेशन वगैरे. माणसाचं लक्ष उडतं. पण मशीन खोलून बघायची काय गरज आहे? चांगलं चाललंय ते. दोन ओळी लिहून दे आणि घरी जा. दमलीयस तू."

दमल्या तर त्या होत्याच. सकाळपासून ज्याला विचारावं त्यानं दुसरीकडे बोट दाखवलं होतं. दोन ओळी लिहून मोकळं व्हावं, असं एक क्षण त्यांनाही वाटलं. कागदावर त्यांनी पहिला शब्द लिहिलासुद्धा. मग तो खोडून त्यांनी मार्किंगवालीचा पत्ता मागून घेतला.

४

मार्किंगवालीला कारखान्यात सगळे आकडेताई म्हणत. दार तिच्या सासऱ्यांनी उघडलं आणि आत घेण्याऐवजी ते दारातच उभे राहिले.

"कारखान्यातून आलात? मग बाहेरूनच बोला. आमची सून चोर नाही. अकरा वर्षं एक दिवस उशिरा गेली नाही. मला औषध द्यायला विसरेल, पण तुमच्या मशीनचं काचेचं भिंग पुसायला विसरणार नाही!"

"मामंजी, येऊ द्या त्यांना," आतून आवाज आला. "मशीनच्या बाई आहेत त्या, मालकांच्या नव्हे."

आकडेताई ओट्यापाशी भाजी चिरत होती. डोळे सुजलेले. "तीन तारखेपासून सुट्टीवर होते मी. बहिणीचं पोटाचं ऑपरेशन होतं, तिच्या गावी होते. एकवीस तारखेला कामावर गेले तर वॉचमननं आत सोडलं नाही. मालक भेटले नाहीत. का, तेसुद्धा शेजारणीकडून कळलं. तिचा नवरा पॅकिंगला आहे."

लेझरबाईंनी मोबाईलवर दोन्ही पट्ट्यांचे फोटो दाखवले. आकडेताईनं हात पुसले, फोन जवळ घेतला आणि फोटो मोठे करून बराच वेळ बघत राहिली.

"या अखंड पट्टीवरचा नंबर माझा नाही," ती म्हणाली.

"आणि तुटलेल्या पट्टीवरचा?"

सासरे दारातून वळून बघू लागले. आकडेताईनं सुरी खाली ठेवली.

"तो मीच मारलाय," ती म्हणाली.

५

"अगं, काय बोलतेस!" सासरे ओरडले.

"खरं तेच बोलतेय. बघा ना, आकडे कललेत. वर्षभर असेच कलत होते. मी चारदा मालकांना सांगितलं, साहेब, आकडे सरळ येत नाहीत, मशीनवाल्यांना बोलवा. ते म्हणायचे, वाचता येतायत ना? मग झालं. एकोणिसावा लॉट आठ महिन्यांपूर्वीचा. तेव्हा सगळेच आकडे कललेले. मग ही अखंड पट्टी ताठ कशी?"

लेझरबाई ताडकन उठल्या. त्यांनी तिथूनच ऑफिसला फोन लावला, आणि बासरी सुरू होण्याआधीच म्हणाल्या, "या वेळी थांबायला सांगितलंस तर मी तिथे येऊन तुझ्या टेबलावर बसेन."

नोंद मिळाली. सहा तारखेला, सुट्टीच्या दिवशी, त्यांच्या सहकाऱ्यानं जाऊन मशीनमधला एक आरसा बदलला होता. मालकांनी अखेर फोन करून बोलावलं होतं.

"लेझरचा किरण दोन आरशांवरून फिरतो," लेझरबाईंनी आकडेताईच्या सासऱ्यांना समजावलं, कारण तेच सगळ्यांत जास्त गोंधळले होते. "त्यातला एक बसणीत जरा तिरका झाला की आकडे कलतात. सहा तारखेला नवा बसवला, आकडे सरळ झाले. म्हणजे सहाच्या आधीचे सगळे आकडे कललेले, नंतरचे सगळे ताठ. कपाटातली पट्टी आठ महिन्यांपूर्वीची म्हणतात आणि तिचे आकडे ताठ."

"म्हणजे ती सहा तारखेनंतर बनवली?"

"हो. आणि तुमची सून तीन ते एकवीस गावी होती, एकवीसला तिला आत घेतलंच नाही. नवा आरसा तिनं अजून पाहिलेलाही नाही."

सासऱ्यांनी दारातून बाजूला होऊन खुर्ची पुढे केली. "बसा ना, बाई. अहो, मघापासून उभ्याच आहात तुम्ही."

बसायला वेळ नव्हता. कारण या शोधातून दुसरी एक गोष्ट निघत होती. कपाटातली पट्टी खोटी असेल, तर शिक्षिकेच्या पायातली पट्टी खरी होती. आणि ती खरी असेल, तर तिच्याबरोबर त्याच स्टीलच्या आणखी एकशे अठ्ठ्याण्णव पट्ट्या कोणाकोणाच्या पायांत होत्या.

कारखान्यात परतल्यावर त्यांनी सरळ स्टोअर गाठलं.

"एकोणिसाव्या लॉटची एखादी तरी पट्टी शिल्लक आहे का? खोटं बोलू नका, मघाशी तुम्ही पेन टाकून पळालात."

स्टोअरकीपरांचा चेहरा पडला. त्यांनी खालच्या फळीवरून एक खोका ओढला. "दोन आहेत. एका हॉस्पिटलनं माप चुकलं म्हणून परत पाठवल्या होत्या. मी नोंद करायची विसरलो. मालकांना कळलं असतं तर माझी खैर नव्हती. आता जाऊ दे नोकरी, घ्या."

दोन्ही पट्ट्यांवर आकडे कललेले होते. लेझरबाईंनी एक पट्टी दाराजवळच्या टेबलावरच्या शिकंज्यात धरली आणि जाड कानशीच्या कडेनं ओरखडा काढला. कानस साबणात रुतावी तशी रुतली.

"कडकपणा मोजायचं मशीन कधी बाहेर गेलं होतं का?"

स्टोअरकीपरांनी बाहेर जाणाऱ्या मालाचं रजिस्टर उघडून आठ महिने मागची पानं उलटली. मशीन बिघडलं म्हणून दुरुस्तीला गेलं होतं. अकरा दिवस बाहेर होतं. एकोणिसाव्या लॉटच्या चाचणीची तारीख त्या अकरा दिवसांच्या बरोबर मधली होती.

"आणि कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आलाय, असं पहिल्यांदा कोण म्हणालं?"

स्टोअरकीपरांनी चष्मा काढला. मग खाली बघत त्यांनी एक नाव सांगितलं.

६

मालकांच्या खोलीत आता चौघं होती: मालक, सर, लेझरबाई आणि मागे भिंतीला टेकून आकडेताई. तिला लेझरबाईंनीच रिक्षात घालून आणलं होतं. मालक तिच्याकडे बघायचं टाळत होते.

लेझरबाईंनी आरशाची गोष्ट सांगितली, दोन कललेल्या पट्ट्या टेबलावर ठेवल्या.

"कपाटाच्या किल्ल्या दोनच. म्हणजे खोटा नमुना ठेवणारा या खोलीतला. साहेब, मी आधी तुमच्यावर संशय घेतला."

"माझ्यावर?"

"लॉट खराब निघाला तर बुडणार तुम्हीच. पण आरसा तुमच्यासमोर बदलला. मशीन उघडलेलं तुम्ही पाहिलंत. शिवाय मला बोलावलंत, आणि दोन्ही पट्ट्या शेजारी मांडून माझ्या हातात दिल्यात. खोटी पट्टी करणारा माणूस मशीनच्या मेकॅनिकला असं आमंत्रण देत नाही." त्या वळल्या. आवाज नकळत खाली आला. "सर, तुम्ही सुट्टीच्या दिवशी इथे नव्हता. आरशाचं तुम्हाला कोणीच सांगितलं नाही. मला मशीन खोलू नको म्हणणारे तुम्ही एकटेच. व्हायरसचं सांगणारे तुम्हीच. आणि एकोणिसाव्या लॉटचा कडकपणा तुम्ही मोजलात, तेव्हा मोजायचं मशीन इमारतीतच नव्हतं."

सरांनी खिशातून भिंग काढलं, एक कललेली पट्टी डोळ्याजवळ आणली.

"एकोणीस वर्षं आकडे बघतोय," ते हळूच म्हणाले. "कललेले दिसले नाहीत कधी. रोज बघितलं की दिसत नाही."

"सर, का?"

"लॉट अडकला होता. साहेब तासातासाला विचारायचे, झालं का, झालं का. स्टील नेहमीच्याच ठिकाणचं होतं, अठराव्या लॉटचे आकडे उत्तम होते. मी तेच उतरवले. आयुष्यात एकदाच." ते थांबले. "अकरा तारखेला तुटलेली पट्टी आली. मी लगेच कपाटातला खरा नमुना तपासला. नरम निघाला. तेव्हाच बोलायला हवं होतं. जेवणाच्या सुट्टीत मशीनपाशी बसलो, नव्या चांगल्या पट्टीवर तुटलेलीचा एकशे सदतीस नंबर मारला, खऱ्या नमुन्याच्या जागी ती ठेवली आणि नमुन्याचा नंबर जुळावा म्हणून फाईलीतलं पान बदललं. वाटलं, एक पट्टी तुटली, विषय तिथेच संपेल."

"विषय माझ्यावर संपवलात तुम्ही," आकडेताई भिंतीपासून म्हणाली. "माझ्या बहिणीची तब्येत विचारायला मुद्दाम फोन केला होतात ना तुम्ही? तेव्हा विचारत होतात की मी कधी परत येणार ते बघत होतात?"

लेझरबाईंना वाटलं होतं, खरं कळल्यावर बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. नुसताच संताप आला, आणि तो कोणावर काढावा हेही कळेना.

मालक उठून खिडकीपाशी गेले. "समजा," ते पाठमोरेच म्हणाले, "समजा आपण तपासनीसांना एवढंच सांगितलं, की एका पट्टीत दोष होता..."

"साहेब!" लेझरबाईंचा आवाज चढला. "एकशे अठ्ठ्याण्णव पट्ट्या. दोन इथे परत आल्यात. उरलेल्या माणसांच्या पायांत आहेत. सगळ्या तुटणार नाहीत. कुठली तुटेल ते मात्र तुम्हाला सांगता येत असेल तर सांगा, मी आत्ता दोन ओळी लिहून देते."

सरांनी टेबलावरचा कागद ओढला आणि लिहायला सुरुवात केली. वर तपासनीसांचं नाव, खाली लॉट एकोणीस. अक्षर नेहमीसारखंच नीट. पान भरल्यावर त्यांनी सही केली, कागद मालकांपुढे सरकवला आणि म्हणाले, "आता तुमची."

मालकांनी दोनदा वाचलं. मग खाली सही केली.

७

पट्टी बसवली की हॉस्पिटल एक कार्ड भरून कारखान्याला पाठवतं. रुग्णाचं नाव, फोन, पट्टीचा नंबर. ती कार्डं एका खणात कोंबलेली होती, कोणी कधी लावली नव्हती. आकडेताईनं पूर्ण खण टेबलावर उपडा केला.

"तुम्हाला परत घेतलंय असं समजा," मालक तिला म्हणाले.

"असं समजा नाही. ज्यांच्यासमोर मला गेटवर अडवलं, त्या सगळ्यांसमोर उद्या बोला. आत्ता फोन द्या."

दुपार उतरत होती. चौघांनी कार्डं वाटून घेतली. हॉस्पिटलांना मालक आणि सर फोन करत होते, रुग्णांना दोघी बाया. अर्धे फोन लागत नव्हते. एकानं "मला काही विकत घ्यायचं नाही" म्हणून ठेवून दिला. एका आजीबाईंना आधी मुलाचं लग्न जमल्याचं सांगायचं होतं. एक बाई इतक्या चिडल्या, की आकडेताईनं फोन कानापासून लांब धरला आणि तरी सगळं ऐकून घेतलं. तिनं एकदाही म्हटलं नाही की चूक माझी नव्हती. "पायावर भार देऊ नका, उद्याच डॉक्टरांना दाखवा, खर्च आमचा," एवढंच ती परत परत सांगत होती.

तेविसाव्या कार्डावर एक रंगारी होता. तिसऱ्या रिंगला त्यानं उचललं. मागे वारा होता आणि कुठेतरी रेडिओ चालू होता.

"पटकन बोला ताई, शिडीवर आहे. एका हातात डबा आहे."

आकडेताई उभी राहिली.

"दादा, डबा तिथेच अडकवा. आणि खाली उतरा."

"का? कोण बोलतंय?"

"तुमच्या पायातली पट्टी ज्यांनी बनवली, त्यांच्याकडून बोलतेय. सगळं सांगते. आधी उतरा. चांगल्या पायावर भार द्या, दोन्ही हातांनी धरा. फोन चालू राहू दे, खिशात टाका."

पलीकडे कापडाची खसखस झाली. लेझरबाईंनी हातातलं कार्ड खाली ठेवलं. सरांनी बोलता बोलता रिसीव्हरवर हात ठेवला. खोलीत फक्त त्या फोनमधून येणारा आवाज होता, लोखंडी पायरीवर चप्पल टेकल्याचा, मग थांबून पुन्हा टेकल्याचा. आकडेताई ओठ हलवत पायऱ्या मोजत होती. नऊ. दहा. अकराव्या पायरीनंतर आवाज बंद झाला, आणि बराच वेळ काहीच आलं नाही.

मग रंगाऱ्याचा आवाज आला, जरा दमलेला.

"उतरलो ताई. जमिनीवर बसलोय. आता बोला."

ती खाली बसली आणि बोलू लागली.